गोळी राहिली तर काय करायचं: ऑटोइम्यून आजाराची औषधं नुकतीच सुरू झालेल्यांसाठी

सकाळची गोळी राहिली आणि ते आत्ता, दिवेलागणीला लक्षात आलं, म्हणून तुम्ही हे वाचत असाल तर बाकीचं सगळं नंतर. आधी एवढंच करा: उद्या दोन गोळ्या एकदम घेण्याचा विचार मनातून काढून टाका. राहिलेला डोस पुढच्या डोसात घालून भरून निघत नाही. काही औषधांच्या बाबतीत तर तसं करणं जिवावर बेतू शकतं. आता औषधाचं नाव बघा आणि ते खाली शोधा.

मी इंदूरची. राजेंद्र नगरात राहते. २००९ च्या पावसाळ्यात एका सकाळी पोह्यांसाठी कांदा चिरायला घेतला आणि सुरी हातात धरवेना. बोटं सुजलेली, मुठ मिटत नव्हती, दहा वाजेपर्यंत अंग मोकळं होत नव्हतं. आमवात निघाला, डॉक्टरांच्या भाषेत रूमेटॉइड आर्थ्रायटिस. शरीराची संरक्षण करणारी फौज आपल्याच सांध्यांवर उलटते, तो आजार. फौज अशी आपल्यावरच उलटते त्या आजारांना ऑटोइम्यून म्हणतात. तेव्हापासून गोळ्या चालू आहेत. मी डॉक्टर नाही. पण ओळखीपाळखीतून कुणाची सून, कुणाचा भाचा, असे नव्याने निदान झालेले लोक घरी येऊन बसतात. पहिला प्रश्न असतो, "काकू, किती वर्षं घ्यावी लागणार?" दुसरा प्रश्न निघताना, चपला घालता घालता, आवाज खाली करून विचारतात: "मधेमधे राहते हो. चालतं का?"

हे सगळं त्या दुसऱ्या प्रश्नासाठी आहे. आवाज खाली करायची गरज नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या अहवालात म्हटलं आहे की विकसित देशांतसुद्धा दीर्घ आजाराची औषधं ठरल्याप्रमाणे घेणारे लोक सरासरी निम्मेच असतात. गोळी सगळ्यांचीच कधी ना कधी राहते. राहिल्यावर काय करायचं हे मात्र आधी माहीत असायला हवं, कारण त्या घटकेला डोकं चालत नाही.

प्रत्येक औषधाचं घड्याळ वेगळं

नवीन माणसाला वाटतं, गोळी ती गोळी. तसं नाही. एकाच डबीतल्या चार गोळ्यांचे चार वेगळे हिशेब असतात. एक राहिली तर शरीराला कळतही नाही, दुसरी दोन दिवस राहिली तर दवाखाना गाठावा लागतो. म्हणून "डोस चुकला तर" या प्रश्नाला एकच एक उत्तर नसतं.

सगळ्यात आधी मेथोट्रेक्सेट, कारण आमवात, सोरायसिसचा संधिवात अशा कितीतरी जणांना हेच पहिलं औषध मिळतं आणि सगळ्यात धोकादायक चूक याच औषधात होते. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज नाही. आठवड्याची गोळी चुकून रोज घेतल्याने जगभरात माणसं दगावली आहेत. युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०१९ मध्ये ही चूक टाळण्यासाठी पाकिटावर ठळक इशारा छापण्यासारखे उपाय सुचवले, यावरून प्रकार किती गंभीर आहे ते समजा. नेहमीचा वार चुकला तर साधारण नियम असा: दोन दिवसांच्या आत आठवलं तर आठवल्याबरोबर घ्या आणि पुढच्या आठवड्यात परत आपल्या नेहमीच्या वारी घ्या. दोन दिवसांहून जास्त उशीर झाला असेल तर त्या आठवड्याची सोडून द्या. पुढच्या वारी ठरलेला डोस, तेवढाच. एक आठवडा गेला म्हणून आजार लगेच उसळत नाही. पण घाबरून पाठोपाठ घेतलेल्या गोळ्या रक्तातल्या पेशी आणि यकृत बिघडवतात. चुकून दोन-तीन दिवस रोज घेतली गेली असेल, किंवा तोंडात फोड, ताप, घसा दुखणं, अंगावर कारण नसताना काळे-निळे डाग असं काही दिसलं, तर सकाळची वाट बघू नका. त्याच वेळी मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा. गोळ्यांचं पाकीट बरोबर न्या आणि "मेथोट्रेक्सेट रोज घेतली गेली" हे पहिलं वाक्य म्हणा. यावर उतारा आहे, पण तो वेळेत मिळावा लागतो.

मेथोट्रेक्सेटबरोबर फॉलिक अ‍ॅसिड देतात. पुष्कळ डॉक्टर ती गोळी मेथोट्रेक्सेटच्या वारी देत नाहीत, दुसऱ्या दिवशी किंवा इतर दिवशी देतात. दोन्ही गोळ्या पिवळ्या आणि छोट्या असू शकतात, नजरेने ओळखू नका. फॉलिक राहिली तर आठवल्यावर घ्या.

आता स्टेरॉइड. प्रेडनिसोलोन, डिफ्लाझाकोर्ट. लोक याला भितात, आणि भितात म्हणून स्वतःच्या मनाने बंद करतात. इथे उलटं आहे: घेण्यापेक्षा अचानक सोडण्याची भीती जास्त बाळगा. मूत्रपिंडांच्या वर अ‍ॅड्रिनल नावाच्या ग्रंथी असतात, त्या रोज शरीरापुरतं स्टेरॉइड स्वतः तयार करतात. बाहेरून तीन आठवड्यांहून जास्त दिवस मिळत राहिलं की त्या झोपी जातात. मग एके दिवशी गोळी बंद केली तर बाहेरूनही नाही आणि आतूनही नाही. गळून जाणं, मळमळ, उलट्या, उठल्यावर डोळ्यापुढे अंधारी, रक्तदाब आणि साखर खाली.

मला हे २०१२ मध्ये कळलं. पुण्याला भाच्याचं लग्न होतं. गाडीत बसल्यावर लक्षात आलं की गोळ्यांची डबी देवघराशेजारच्या फळीवरच राहिली. तेव्हा मी कितीतरी महिने दहा मिलिग्रॅमवर होते. म्हटलं, तीन दिवसांचा तर प्रश्न आहे, आणि या निमित्ताने जरा सुटेल तर बरंच. सीमांतपूजन झालं, हळद झाली, तिसऱ्या दिवशी मांडवात उभी राहवेना. उलट्या सुरू झाल्या. सगळे म्हणाले जेवण बाधलं. मीही तेच म्हटलं. नशीब, वराकडच्यांत एक डॉक्टरीण होती. तिने विचारलं, "मावशी, रोजची काही औषधं?" पुढे सलाइन आणि इंजेक्शन. पुण्यात कुठल्याही मेडिकलमध्ये ती गोळी पहिल्याच दिवशी मिळाली असती, चिठ्ठीचा फोटो फोनमध्ये असता तर.

म्हणून स्टेरॉइडची एखादी सकाळ राहिली आणि त्याच दिवशी आठवलं, तर आठवल्यावर काहीतरी खाऊन मग घ्या. दुसऱ्या दिवशी आठवलं तर त्या दिवसाचीच नेहमीची घ्या. एक दिवस निभतो. सलग दोन दिवस राहिली, किंवा उलट्यांमुळे पोटात टिकत नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टर. कमी करायची असेल तर ती पायरी पायरीने, डॉक्टर सांगतील तशी.

हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे औषध अगदी दुसऱ्या टोकाचं. शरीरातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण ४० दिवस लागतात. त्यामुळे एखादा दिवस राहिली तर घाबरू नका, दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी घ्या. मला याचा अनुभव २०२० च्या मार्चमध्ये आला. कोरोनावर हेच औषध चालतं अशी बातमी आली, लोकांनी दुकानं रिकामी केली, २६ मार्चला सरकारने ते कडक नियंत्रणाच्या यादीत टाकलं आणि इंदुरात कर्फ्यू. माझ्याकडे अकरा गोळ्या होत्या. डॉक्टरांनी फोनवर हे ४० दिवसांचं गणित समजावलं आणि गोळ्या कशा पुरवायच्या ते सांगितलं, म्हणून रात्री झोप लागली. पण या ढिलेपणाचा गैरफायदा घेऊ नका. ल्यूपस म्हणजे त्वचा, सांधे, मूत्रपिंडं अशा अनेक अवयवांवर उठणारा ऑटोइम्यून आजार. त्याच्या रुग्णांवर कॅनडात झालेला एक अभ्यास १९९१ मध्ये छापून आला. आजार शांत असलेल्यांपैकी काहींचं हे औषध काढून घेतलं, तेव्हा सहा महिन्यांत आजार उसळण्याचा धोका अडीच पट झाला. आणखी एक, या गोळीसाठी डोळ्यांची तपासणी सुरुवातीच्या वर्षात एकदा आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी करायची असते. डोळ्यांना त्रास होईल म्हणून गोळी सोडून देणारे भेटतात. तपासणी करणारे कमी भेटतात.

बाकीची थोडक्यात. सल्फासालाझिन, अझाथायोप्रिन, मायकोफेनोलेट यांचा डोस राहिला तर पुढच्या डोसला बराच वेळ असेल तेव्हाच घ्या, पुढचा जवळ आला असेल तर राहिलेला सोडा. लेफ्लुनोमाइड अंगात अनेक आठवडे टिकते, एक दिवस राहिल्याने फरक पडत नाही. थायरॉइडची थायरॉक्सिन राहिली तर त्या दिवशी आठवेल तेव्हा रिकाम्या पोटी घेता येते. मायस्थेनिया, म्हणजे स्नायूंचा जोर जाण्याचा आजार, त्याची पायरिडोस्टिग्मिन मात्र तासांवर चालते. तिची वेळ टळली की पापण्या, गिळणं, श्वास यांवर लगेच परिणाम दिसू शकतो. त्या रुग्णांनी गजराशिवाय राहूच नये, आणि गिळताना किंवा श्वासाला त्रास झाला तर थेट १०८. टाइप वन मधुमेहाचं इन्सुलिन तर उपवासातही बंद करायचं नाही. त्याचे नियम अगदी वेगळे आहेत, ते तुमच्या डॉक्टरांकडून शिकून घ्या.

इंजेक्शनं. अडालिमुमॅब दोन आठवड्यांनी एकदा टोचायचं असतं. दिवस चुकला तर आठवल्याबरोबर घ्या आणि पुढचं मूळ तारखेलाच. ही औषधं वारंवार पुढे ढकलत राहिलं तर शरीर त्यांच्याविरुद्धच प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) तयार करू शकतं आणि मग औषध लागू पडेनासं होतं. महागडं औषध असं वाया घालवू नका.

वहीच्या पहिल्या पानावर

वर लिहिले ते सर्वसाधारण नियम आहेत. तुमचा डोस, तुमची मूत्रपिंडं, तुमची इतर औषधं वेगळी असू शकतात. म्हणून पुढच्या भेटीला जाताना एक छोटी वही न्या, प्रत्येक औषधासमोर रकाना आखा आणि डॉक्टरांना विचारा: "ही एक दिवस राहिली तर काय करू? तीन दिवस राहिली तर? उलटी झाली तर? ताप आला तर घेऊ की थांबवू?" चार प्रश्न, दोन मिनिटं. ओपीडीत गर्दी असते, एमवायमध्ये, म्हणजे इंदूरच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलमध्ये, तर असतेच असते, पण एवढं विचारायला संकोच करू नका. आधी लिहून नेलेला प्रश्न डॉक्टर टाळत नाहीत, हा माझा अनुभव आहे.

तापाचा प्रश्न मुद्दाम विचारा. मोठा संसर्ग झाला तर मेथोट्रेक्सेट आणि इंजेक्शनची औषधं डॉक्टर बहुधा काही दिवस थांबवायला सांगतात. स्टेरॉइड मात्र आजारपणात कधीच बंद करायचं नसतं, उलट काही वेळा वाढवावं लागतं. नवीन माणूस नेमकं उलटं करतो: ताप आला की "गरम औषध" म्हणून स्टेरॉइड सोडतो आणि मेथोट्रेक्सेट चालू ठेवतो. दुसऱ्या डॉक्टरांकडे ताप-खोकल्यासाठी गेलात तर मेथोट्रेक्सेट चालू आहे हे सांगितल्याशिवाय अँटिबायोटिक घेऊ नका. को-ट्रायमॉक्साझोल हे जुनं, सर्रास दिलं जाणारं औषध मेथोट्रेक्सेटबरोबर फार घातक ठरू शकतं.

वार ठरवताना पंचांग बघा

हे कुठल्याच छापील माहितीपत्रकात नसतं, पण आपल्या घरांत पुष्कळ गोळ्या इथेच राहतात. मेथोट्रेक्सेटचा वार ठरवताना आपला उपवासाचा वार टाळा. कुणाचा सोमवार असतो, कुणाचा गुरुवार, कुणाचा शनिवार. गोळी घेतल्यावर काहींना दुसऱ्या दिवशी मळमळतं, तेव्हा दुसरा दिवसही धावपळीचा नसावा. मी बुधवार धरला. रविवार बरा वाटतो, पण लग्नं, पाहुणे, मुंज, बारसं सगळं रविवारी, आणि रविवारची गोळी हमखास राहते. वार एकदा ठरला की वहीत पूर्ण लिहा, "बुधवारी रात्री जेवणानंतर", आणि मेडिकलमधून पाकीट आणल्यावर त्यावरही मार्करने "फक्त बुधवार" लिहा. घरात दुसरं कुणी औषधं काढून देत असेल तर त्यांनाही तोंडपाठ हवं.

हरतालिकेचा निर्जळी उपवास, एकादशी, नवरात्र, चातुर्मासातली एकभुक्त व्रतं. स्टेरॉइड घेणाऱ्या बाईने निर्जळी करू नये, असं मी स्पष्ट म्हणते. माझ्या सासूबाई कडक सोवळ्याच्या होत्या. पहिल्या हरतालिकेला मी गोळी हातात घेऊन उभी राहिले तेव्हा त्या म्हणाल्या, "औषध म्हणजे अन्न नव्हे. पाण्याबरोबर घे, आणि वर केळं खा. देव रागावत नाही." त्या गेल्या, पण त्या दिवसापासून माझी हरतालिकेची गोळी कधी राहिली नाही. तुमच्या घरात असं म्हणणारं कुणी नसेल तर माझ्या सासूबाईंचं वाक्य उसनं घ्या. फराळी उपवास असेल तर राजगिऱ्याचा लाडू, साबुदाण्याची खिचडी पोटात गेल्यावर स्टेरॉइड घेता येतं.

इंदूरच्या सणांचं वेगळं आहे. रंगपंचमीला गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते तेव्हा राजवाड्याच्या बाजूला सकाळी गेलेला माणूस दुपारशिवाय घरी येत नाही. अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, रात्रभर चालतात. सराफ्यात खायला निघालो की रात्रीची दुसरी गोळी विसरलीच म्हणून समजा. ज्या दिवशी घराबाहेर जाणार आहात त्या दिवशीचा डोस कागदाच्या पुडीत बांधून पर्समध्ये टाका. फक्त त्या दिवशीचा, अख्खी डबी नाही.

डबी, देवघर आणि भिंतीवरचं कॅलेंडर

सात खणांची प्लास्टिकची डबी घ्या. रविवारी दुपारी, चहा झाल्यावर, एकदा बसून भरा. खण भरलेला आहे की रिकामा, एवढंच बघून गोळी घेतली की नाही ते कळतं. "घेतली की नाही घेतली" असा संशय येऊन दुसऱ्यांदा घेतली जाण्याचा धोका विसरण्याइतकाच मोठा आहे. मेथोट्रेक्सेट मात्र या डबीत ठेवू नका. ती वेगळ्या जागी, वेगळ्या डबीत, आणि घेतल्यावर कॅलेंडरवर त्या बुधवारी लाल पेनाने खूण.

फोनचा गजर चांगला, पण तो बंद करून आपण हातातलं काम पुरं करतो आणि विसरतो. मला जास्त उपयोग झाला तो रोजच्या कामाला गोळी बांधण्याचा. सकाळची सांचीची पिशवी फोडून दूध तापत ठेवलं की थायरॉइडची, कारण ती उपाशीपोटी घ्यायची आणि तिच्यानंतर किमान अर्धा तास चहा नाही. नाश्त्याची बशी उचलली की स्टेरॉइड. संध्याकाळी देवापुढे दिवा लावला की उरलेली. ज्यांच्या घरी देवघर नाही त्यांनी टूथब्रशशेजारी ठेवावी. काम असं निवडा की जे कधीच चुकत नाही.

डबी स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवू नका. मे महिन्यात इंदुरात पारा चाळिशीच्या वर जातो, आणि कट्ट्याजवळ त्याहून जास्त. कोरडी, सावलीची, लहान मुलांच्या हाताला न लागणारी जागा हवी.

पाकीट संपण्याआधी

माझ्या पाहणीत पुष्कळदा गोळी "विसरत" नाही, ती संपलेली असते. म्हणून नियम: दहा दिवसांच्या गोळ्या उरल्या की फोन. घराजवळ नसेल तर एमवायजवळच्या दवा बाजारात बहुधा मिळते, पण गुडघे दुखत असताना आरएनटी मार्गावरच्या गर्दीत उभं राहण्यापेक्षा आधी चौकशी करा. पैशांची ओढाताण असेल तर जनऔषधी केंद्रात विचारा.

घेताना तीन गोष्टी काउंटरवरच वाचायच्या: औषधाचं मूळ नाव, मिलिग्रॅम, आणि मुदत. ब्रँड बदलला तर एक वेळ चालेल, मिलिग्रॅम बदललेलं चालत नाही. मेथोट्रेक्सेट अडीच, पाच, साडेसात, दहा अशा वेगवेगळ्या ताकदीत येते. एकदा घराजवळच्या दुकानात मुलगा म्हणाला, "आंटीजी, वो नहीं है, ये ले जाओ, सेम है." साल्ट, म्हणजे मूळ औषध, तेच होतं, पण अडीचच्या जागी दहाची गोळी होती, आणि मी सवयीने तीन घेणार होते. घरी येऊन चष्मा लावला म्हणून कळलं. त्या मुलाला वाईट करायचं नव्हतं. पण तेव्हापासून मी पाकीट हातात घेऊन मोठ्याने वाचते, मागे रांग असली तरी.

पैशांमुळे कुणी गोळी एकाआड एक दिवस करत असेल तर कृपा करून ते डॉक्टरांना सांगा. यात लाजण्यासारखं काही नाही. बहुतेक वेळा स्वस्त पर्याय असतो. इंजेक्शनच्या औषधांचंही तसंच आहे. अडालिमुमॅबची भारतीय बनावटीची आवृत्ती अहमदाबादच्या झायडसने २०१४ मध्ये आणली, तेव्हा जगात ती पहिली होती. कोणती कुठे स्वस्त मिळेल हे डॉक्टरांना आणि त्यांच्या सहायकांना माहीत असतं.

गावाला जाताना

लागतील त्यापेक्षा पाच दिवसांच्या जास्त गोळ्या घ्या, आणि त्या दोन जागी ठेवा: थोड्या हातातल्या पिशवीत, थोड्या बरोबरच्या माणसाकडे. ट्रेनमध्ये बर्थखाली ढकललेल्या बॅगेत औषध ठेवू नका. चिठ्ठीचा फोटो स्वतःच्या आणि घरातल्या आणखी एकाच्या फोनमध्ये हवाच. स्टेरॉइड चालू असेल तर पैशांच्या पाकिटात एक कार्ड ठेवा: नाव, आजार, "रोज स्टेरॉइड चालू, अचानक बंद करू नये", डोस, घरचा फोन. बेशुद्ध पडलेलं माणूस स्वतः सांगू शकत नाही.

अडालिमुमॅबसारखं इंजेक्शन दोन ते आठ अंशांत ठेवायचं असतं. फ्रिजच्या मधल्या कप्प्यात, दारात नाही, आणि बर्फाच्या कप्प्याजवळ तर नाहीच, कारण एकदा गोठलं की ते फेकून द्यावं लागतं. प्रवासात थंड डब्यातून न्या, पण बर्फाची पिशवी आणि इंजेक्शन यांच्यामध्ये टॉवेलची घडी असू द्या. फ्रिजबाहेर किती दिवस चालतं ते पाकिटातल्या पत्रकावर असतं. तिथे २५ अंशांपर्यंत असं लिहिलेलं असतं, आणि आपली उन्हाळ्यातली खोली २५ अंशांची नसते, हे ध्यानात ठेवा.

बरं वाटतंय म्हणून

विसरणं, संपणं, प्रवास हे सगळं एका बाजूला. सर्वात जास्त गोळ्या राहतात त्या जाणूनबुजून. आठ महिने झाले, सूज नाही, सकाळी हात मोकळे, पोळ्या लाटता येतात. मग कुणीतरी म्हणतं, "आता कशाला? किडनी खराब होईल." आत्या म्हणते, मामी म्हणते, शेजारच्या वहिनी म्हणतात. सगळ्या प्रेमाने म्हणतात. आणि आपल्यालाही तेच ऐकायचं असतं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. ही औषधं सावकाश चढतात आणि सावकाश उतरतात. मेथोट्रेक्सेटचा गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात, हायड्रॉक्सिक्लोरोक्विनला दोन-तीन महिने. तसंच बंद केल्यावर त्रास लगेच होत नाही. पहिला महिना छान जातो. माणूस म्हणतो, बघा, उगीच घेत होतो. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात सूज येते तेव्हा गोळी सोडल्याचं विसरलेलं असतं, दोष जातो पावसाळ्याला, वांग्याला, नाहीतर दह्याला. गोळी सोडणं आणि दुखणं यांच्यात इतके दिवस जातात की दोन्हींचा संबंध मनात जुळतच नाही. आणि मधल्या काळात सांध्याची जी झीज होते ती गोळी परत सुरू केल्याने भरून येत नाही. माझ्या उजव्या हाताची दोन बोटं आता सरळ होत नाहीत. ती २०१४ ची आहेत, मी पाच महिने औषध सोडलं त्या वर्षीची.

किडनीची भीती खोटी नाही, पण तिचं उत्तर रक्ततपासणीत आहे. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), लिव्हर, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) डॉक्टर सांगतील तेवढ्या दिवसांनी करा. खरंच काही बिघडत असेल तर ते आधी रक्तात दिसतं आणि डोस कमी करता येतो. औषध खरोखर कमी करण्याची वेळही येते, काहींचं बंदही होतं. ते डॉक्टरांबरोबर, महिने मोजून.

मुलींसाठी वेगळं सांगते. लग्न ठरलं म्हणून, किंवा दिवस राहिले म्हणून, एका रात्रीत सगळं बंद करणाऱ्या मी पाहिल्या आहेत. मेथोट्रेक्सेट, लेफ्लुनोमाइड, मायकोफेनोलेट गर्भाला घातक आहेत, ती मूल होऊ देण्याच्या बऱ्याच आधी बंद करावी लागतात. पण हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, सल्फासालाझिन, अझाथायोप्रिन गरोदरपणातही चालू ठेवतात, आणि ल्यूपस असेल तर हायड्रॉक्सिक्लोरोक्विन सोडल्याने आईचा आजार उसळू शकतो. म्हणून "मूल हवं आहे" हे वाक्य डॉक्टरांना आधी सांगायचं, नंतर नाही. सासरी आजार लपवून गोळ्या बाथरूममध्ये घेणाऱ्या मुलीच्या गोळ्या राहणारच. तिच्या आईवडिलांनी याचा विचार करावा.

डॉक्टरांना खरं सांगणं

२०१४ च्या त्या पाच महिन्यांनंतर मी सुजलेले हात घेऊन गेले आणि डॉक्टरांनी विचारलं, "औषधं नियमित?" मी "हो" म्हटलं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला आणि निष्कर्ष काढला की औषध पुरेसं पडत नाही. डोस वाढला, स्टेरॉइड वाढलं, वर आणखी एक गोळी आली. अंगात जुना डोससुद्धा नव्हता आणि मी मोठा घेऊन घरी निघाले होते. पायऱ्या उतरता उतरता परत वर गेले आणि सांगितलं. ते रागावले नाहीत. चिठ्ठी फाडली आणि जुनीच परत लिहिली.

तेव्हापासून मी जाण्याच्या आदल्या रात्री कॅलेंडरवरच्या लाल खुणा मोजते आणि वहीत एक ओळ लिहिते. गेल्या वेळची अशी होती: "तीन महिन्यांत मेथोट्रेक्सेट एकदा राहिली, लग्नामुळे. फॉलिक चार-पाच वेळा. स्टेरॉइड नाही राहिली. बुधवारनंतर दुसऱ्या दिवशी मळमळ, म्हणून एकदा मुद्दाम उशिरा घेतली." डॉक्टरांनी ती शेवटची गोष्ट वाचून मळमळीवर गोळी लिहून दिली आणि मेथोट्रेक्सेट रात्री झोपताना घ्यायला सांगितली.